तिच्या प्लेटमधले पिवळे ठिपके

त्या दिवसांत मला तिचं चांगलं बघवत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

इथे परदेशात, हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या पोटातले जिवाणू ओळखण्याचं काम मी सहा वर्षं करत होते. ती २०१६ मध्ये आली. माझ्यासारखी पुण्याचीच, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणणारी. मेंढीच्या पोटातला रस प्लेटवर पसरायचा, हवा न लागू देता उबेत ठेवायचा आणि आठवड्याने काय वाढलंय ते पाहायचं, अशी आमची पद्धत. दर शुक्रवारी मी माझ्या प्लेटा तपासून फेकून द्यायचे. माझं टेबल लख्ख असायचं, तिचं म्हणजे नुसता पसारा.

मे महिन्यात ती भावाच्या लग्नाला गेली आणि तिच्या प्लेटा तीन आठवडे तशाच राहिल्या. परत येऊन बघते तर काय, एकीवर टाचणीच्या टोकाएवढे पिवळे ठिपके! जनुकं ताडून पाहिली, तर कुठल्याच माहीत असलेल्या प्रजातीशी पुरेशी जुळेनात. प्रजाती नवी असावी, असं सगळे म्हणू लागले.

केक आला. माझ्या घशाखाली तो उतरेना. असे किती ठिपके दिसायच्या आतच मी कचऱ्यात घातले असतील?

घरी नवऱ्यासमोर फणफणले, "ढीगभर काम मी करायचं, आणि प्रजाती लग्न जेवून आलेल्या बाईला!"

"मग तूही सुट्टी घे की," तो म्हणाला.

सुट्टी कसली घेते! तिचा जिवाणू जुनाच ठरावा म्हणून मी तिच्या ट्यूबमधला थेंब गुपचूप माझ्या ट्यूबमध्ये वाढवला. तो कोणती साखर खातो, कोणतं आम्ल सोडतो, सगळं तपासलं. नवाच निघाला मेला. तरी हट्टाने मी तो वाढवत राहिले, कुठेतरी खोट सापडेल म्हणून.

नव्या प्रजातीला अधिकृत नाव मिळायचं तर तिचे जिवंत नमुने दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावे लागतात. ते पाठवायच्या आठवड्यात ती रडत माझ्याकडे आली.

"ताई, बुचं नीट बसली नव्हती गं. हवा गेली आत, सगळे मेले. फ्रीझरमधलेही उठत नाहीयेत. आय ॲम फिनिश्ड."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या दुपारी मी डबा चवीने खाल्ला.

मग माझी ट्यूब उजेडात धरली. आत गढूळ दिसत होतं, म्हणजे तो जिवंत होता. गप्प बसले असते तर कुणाला कळणार नव्हतं. पण सहा वर्षं ज्याच्यासाठी घालवली तो हातात होता, आणि मला काही तो मारवेना. मी ट्यूब तिला नेऊन दिली.

तिने मला मिठी मारली. "ताई, तू माझ्यासाठी बॅकअप ठेवला होतास?"

"हो," मी म्हणाले.

शोधनिबंधात प्रजातीच्या नावाची फोड द्यावी लागते. तिने जिवाणूला माझंच आडनाव दिलं, लॅटिन शेपूट लावून. खाली कारण लिहिलं: ज्या सहकारी स्त्रीने हा जिवाणू निःस्वार्थपणे जपला, तिच्या सन्मानार्थ.

मसुदा तपासायला माझ्याकडेच आला. मी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. 'निःस्वार्थपणे' तसंच राहू दिलं.