नटबोल्टखालचं पत्रक

कोळसा बंद करा म्हणणाऱ्याच्या घरची चूल कशावर पेटते, हे तुम्ही कधी त्याला विचारलंय? मला विचारा. वणीत आमची चूल कोळशाच्या टिप्परवर पेटते. अब्बा टिप्पर दुरुस्त करतात.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. इंजिन खोलण्याआधी अब्बा जमिनीवर कागद अंथरतात आणि नटबोल्ट जसे निघतील तसे ओळीनं त्यावर मांडतात. बसवताना त्याच ओळीवरून उलटा हात चालतो. खाण कामगारांच्या सभांची उरलेली पत्रकं या कामाला यायची. ‘हक्क’, ‘एकजूट’, ‘लढा’ हे शब्द मी ग्रीसच्या डागांमधून वाचले. अशी पोरगी पुढे स्वतः पत्रक काढणार नाही तर काय?

यंदा जवळच नवी खाण निघणार अशी चर्चा सुरू झाली आणि मी लिहायला बसले. नवी खाण नको. कोळसा, डिझेल, गॅस, जमिनीतून उपसून जाळायचं सगळं बंद करा. आमच्या गल्लीत कपडे उलटे करून वाळत घालतात. काळी धूळ मग आतल्या बाजूला बसते. चारचौघांत दिसू नये म्हणून आम्ही ती अंगाला लावून घेतो! हेही लिहिलं.

दुपारी जेवताना मसुदा वाचून दाखवला.

“गॅसबी बंद?” अम्मीनं पोळी तव्यावरच ठेवली. “माही सारी जवानी कोळशाच्या शेगडीपुढं डोळे चोळण्यात गेली. आता कुठं सिलिंडर आलं, तं तू निघाली बंद करायले. संध्याकाळी पत्रक खाशील काय?”

अब्बा हसले. “अन् मी काय करू? तुह्या सभेत टाळ्या वाजवू?”

“नवं काम शिकायचं, अब्बा. लिहिलंय मी, ‘तरुणांना प्रशिक्षण द्या’.”

“तरुणांले! मंग मले सिधा कब्रस्तानात पाठवून राह्यली काय?”

मीही पेटले. “रोज सकाळी तुमच्या छातीत घरघर होते, ती कशानं होते? ती चालू ठेवायची?”

अब्बा हात धुऊन गॅरेजवर गेले. मसुदाही घेऊन गेले, हे मला नंतर कळलं. मी चहा द्यायला गेले तर एका टिप्परचं इंजिन खोललेलं, आणि नटबोल्ट माझ्या पत्रकावर ओळीनं मांडलेले.

“अब्बा, हे माझं पत्रक आहे!”

“मालूम हाय. वाचून मंगच अंथरलं.”

“इंजिन खोलायला भीत नाही तुम्ही. मग हे बदलायला काहून भिता?”

“इंजिन मले बसवता येते, बेटा. तुह्या कागदावर निस्तं खोलणंच हाय.”

“मग बसवायचं कसं ते सांगा. मी लिहिते.”

जुन्या टायरवर बसून आम्ही दोघांनी ते पुन्हा लिहिलं. चालू खाणी टप्प्याटप्प्यानं बंद करा, पण तिथल्या हातांना आधी दुसरं काम द्या. नवं काम शिकायला वयाची अट नको. गॅरेजवाला, ड्रायव्हर, चहावाला, सगळे त्यात आले पाहिजेत. स्वयंपाकाचा गॅस सगळ्यात शेवटी, तितकीच चांगली शेगडी घरात आल्यावर. सगळ्यात वरची ओळ होती ‘नवी खाण नको’. तिथं मी थांबले. नव्या खाणीचे टिप्पर अब्बांकडेच आले असते; त्यांच्या धंद्याला सगळ्यात जास्त फटका त्याच ओळीचा बसणार होता.

“ते खोडू नको,” अब्बा म्हणाले. “घरघर माही हाय.”

आता ती पत्रकं गॅरेजच्या दारात तारेला अडकवलेली असतात. ड्रायव्हर वाट बघता बघता वाचतात. काही शिव्या घालतात, काही दोन मागून नेतात. परवा एक बॅटरीची रिक्षा बंद पडून आली. अब्बांनी अशी गाडी कधी खोलली नव्हती. त्यांनी तारेवरचं एक पत्रक ओढून जमिनीवर अंथरलं, आणि म्हणाले, “पाहू तं खरं, हिच्या पोटात काय हाय.” संध्याकाळी रिक्षा स्वतःच्या चाकांवर, आवाज न करता परत गेली. अब्बा रस्त्यावर उभे राहून ती वळेपर्यंत बघत होते.

तुमच्याकडेही हा वाद येईल. खाणीवरून येईल, नाहीतर डिझेलवरून, गॅसवरून. तेव्हा घरी बसू नका. ग्रामसभेत उभे राहा आणि दोन गोष्टी मोठ्यानं विचारा: काय थांबवणार, आणि त्यावर आज जगणाऱ्याला कोणतं काम देणार? दोन्ही उत्तरं एकाच कागदावर येईपर्यंत त्यावर सही करू नका.