धान अजून ओलंच आहे

लग्न होऊन कोहमाऱ्याजवळच्या गावात आले, ते साल दोन हजारच्या आसपासचं. माहेरी मी रोज वाचायचे. एक वेळ जेवण चुकेल, पण वाचन चुकायचं नाही. सासरी कामाला अंत नव्हता, आणि हातात पुस्तक दिसलं की सासूबाईंना वाटायचं, सूनबाई रिकामी आहे. लगेच निवडायच्या तुरीचं सूप समोर यायचं.

शेवटी वेळ मिळाला तो धानामुळे. गिरणीत न्यायच्या आधी धान अंगणात वाळत घालायचं आणि काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसायचं, हे घरातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. जावा ते टाळायच्या. मी आनंदाने अंगावर घेतलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कादंबरी. बाजाराच्या दिवशी नवरा सडक अर्जुनीच्या वाचनालयातून ती भाजीच्या थैलीत घालून आणायचा, त्यामुळे पानांना सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास. पाठीवर हिवाळ्याचं ऊन. सुख म्हणजे आणखी काय असतं!

त्या सुखाला दृष्ट लागली. एका दुपारी नायिका घर सोडून निघाली आणि मीही तिच्यासोबत गेले. भानावर आले ती सासूबाईंच्या आवाजाने.

“काऊन वं, कोंबड्या धान खाऊन राहिल्या अन् तू पुस्तक वाचून राहिली?”

गेलं माझं वाचन, या विचाराने रडूच आलं. सासूबाई पुस्तकाकडे बघत म्हणाल्या, “वाचाचंच हाये तं मोठ्यानं वाच. आवाजानं तरी पळतीन.”

मी जीव तोडून वाचू लागले. कोंबड्या खरंच पळाल्या. सासूबाई मात्र सूप घेऊन दारातच बसल्या. दुसऱ्या दिवशी पायरीवर आल्या, मग माझ्याच चटईवर.

कादंबरीची शेवटची पानं उरली होती. नायिका घाटावर पोचली, नाव सुटायच्या बेतात, आणि नेमके सासरे बैलबंडी जुंपून आले. “वाळलं का वं धान? पोते भरतो.”

पोती भरली की माझं बसणं संपलं, वाचनही संपलं.

सासूबाईंनी एक दाणा उचलून दाताखाली धरला. वाळलेला दाणा कट्ट वाजतो, ओला नुसता दबतो. हा इतक्या जोरात वाजला की मला चटईच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला.

“ओलंच हाये अजून,” त्या सासऱ्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू वाच.”