सासूबाईंचा काढा आणि माझं रक्त

लग्नाला सात वर्षं झाली होती. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारानं मला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा आठव्या आठवड्यात बाळाचे ठोके थांबले.

"सगळे रिपोर्ट चांगले, मग अडतंय कुठं?" असं मी सात रस्ता चौकातल्या डॉक्टरबाईंना चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी रक्ताच्या वेगळ्या तपासण्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी त्याच परत केल्या, तरी उत्तर तेच. रोगाशी लढायला शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, तसलीच काही चुकीची माझ्या रक्तात होती. त्यांच्यामुळं रक्त गोठतं आणि बाळ वाढत नाही. "या वेळी रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं देऊ," त्या म्हणाल्या. "छातीठोक सांगत नाही, पण आशा चांगली आहे."

मला तर आनंदच झाला! इतकी वर्षं 'हिच्यात काय खोट आहे कुणास ठाऊक' ऐकत आले होते. आता निदान कारण तरी कळलं होतं. घरी येऊन सासूबाईंना सोपं करून सांगितलं, "आत्या, माझी प्रतिकारशक्ती वाट चुकलीय. आपल्याच बाळावर उठतीय."

सासूबाई अक्कलकोटकडच्या, तोंडानं फटकळ. पण त्या दिवशी हातातलं काम टाकून आत निघून गेल्या. दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी पदर तोंडाला लावून रडताना सापडल्या.

"कोरोनापासनं रोज तुला काढा मीच पाजला की गं! ताकद वाढावी म्हणून. लई वाढली. माज्याच हातानं दोन लेकरं घालवली."

हसावं की रडावं कळेना. याच बाईनं मला नात्यातल्या एका बारशाला पाळण्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. क्षणभर वाटलं, राहू दे, कळू दे हिलाही दोष डोक्यावर घेऊन जगणं काय असतं. पण नाही जमलं बाई मला.

"काढ्यानं असलं काही होत नाही हो! चला, डॉक्टरबाईंच्याच तोंडून ऐका."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सासूबाईंचा हात हातात घेतला. "तुमचा दोष नाही, आजी. आणि हिचाही नाही." सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

पुन्हा उपचार केले, पुन्हा दिवस राहिले. रोज पोटात त्या इंजेक्शनची सुई घ्यायची होती. नवरा सुई बघूनच गळाठला. "सर तिकडं," म्हणून सासूबाईंनी त्याला बाजूला केलं आणि नर्सकडून स्वतः शिकून घेतलं. पोट निळंकाळं झालं, पण एक दिवस चुकला नाही. आठव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला मी डोळे गच्च मिटून पडले होते. ठोके ऐकू आले, धडाधड! मी तिथंच मोठ्यानं ओरडले.

दिवस भरले, सिझेरियन झालं. मुलगी! भूल उतरत असताना सासूबाई तिला छातीशी धरून माझ्या कॉटपाशी आल्या. डोळ्यांना धार लागलेली.

"लई बोलले गं तुला. माफ कर मला."

"माफीचं नंतर बघू, आत्या," मी दोन्ही हात पसरले, "आधी माझी पोरगी द्या इकडं!"