बाराव्या प्रश्नाचं उत्तर

बल्लारशा स्टेशनवर चेन्नईची गाडी लागली, तेव्हा माझ्यासोबत आई-बाबा, एक पत्र्याची पेटी आणि दोन पिशव्या होत्या. डब्याच्या दारापाशी आरक्षणाचा तक्ता चिकटवलेला होता. बाबांना अक्षरं लावून लावून वाचावं लागायचं, म्हणून माझं नाव मीच शोधलं. मग शेजारच्या म्हातारबाबांनी आपलं तिकीट पुढे केलं, त्यांच्या मागे आणखी दोघांनी. सगळ्यांचे नंबर सांगता सांगता शिट्टी झाली, आणि आईला नीट निरोप द्यायचा राहिला. खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "चांगली राय बाई." बाबा गाडीबरोबर थोडं चालले आणि थांबले.

राजुऱ्यात आमच्या गल्लीत मी सगळ्यांची लिहिणारी होते. बाबा लाकडाच्या डेपोत पहारेकरी, शिक्षण चौथी. आईचं दुसरी. आठवीत असल्यापासून रेशनकार्ड, बँकेचं खातं, दाखले, निराधार योजना, जो कागद येईल तो आमच्या ओट्यावर यायचा. लोक म्हणायचे, "तूच भर ना पोरी, तुले समजते काय लिहाव लागते ते." आणि मला खरंच समजायचं. वय आठवत नसेल तर मी हिशेबाने टाकायची. कारण सांगता येत नसेल तर बाबूला पटेल असं कारण लिहायची. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, कारण रिकाम्या रकान्याचा फॉर्म परत येतो. मी भरलेला फॉर्म कधी परत आला नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो का नसावा, असं मला आजही वाटतं.

मामा संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. भद्रावतीहून त्यांची चेन्नईजवळच्या आवडी गावी बदली झाली, आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये माझी सोय झाली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून कुठलं कॉलेज चांगलं हे सांगणारंही कुणी नव्हतं. मामा म्हणाले तिथे, अण्णा नगरकडच्या एका कॉलेजात, बी.ए. समाजशास्त्राला नाव घातलं. पहिलं वर्ष बसच्या पाट्या ओळखण्यात गेलं, दुसरं तमिळ बोलण्यात. तिसऱ्या वर्षी, दोन हजार आठच्या सुमाराला, संशोधन पद्धती हा विषय आला आणि त्याच्यासोबत लघुप्रबंध.

फोनवर बाबांनी विचारलं, "प्रबंध म्हणजे काय असते?"

"स्वतः शोधून लिहायचं असतं, बाबा."

"म्हणजे पुस्तक?"

"लहानसं."

दुसऱ्या दिवशी सगळ्या डेपोला कळलं की पहारेकऱ्याची पोरगी मद्रासले पुस्तक लिहून रायली.

विषय शिकवायला कल्याणी मॅडम होत्या. सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी आणि आवाज इतका हळू की पहिल्या बाकावर बसावं लागे. गृहीतक, नमुना निवड, मुलाखत, प्रश्नावली हे सगळं मी परीक्षेसारखं पाठ केलं. प्रबंधाला विषय घेतला, गाव सोडून कारखान्यात आलेल्या मुली. सेल्वी नावाची माझी वर्गमैत्रीण शहराबाहेरच्या श्रीपेरुंबुदूरची. तिच्या मावशीच्या चाळवजा खोल्यांत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातल्या मुली राहत, एका खोलीत सहा-सहा. पहाटेच्या पाळीच्या मुलींना कंपनीची बस दुपारी कोपऱ्यावर सोडायची, तेव्हा मी फॉर्म घेऊन हजर असायची. प्रश्न पंधरा. बारावा असा: गाव सोडून यायचं तुमच्या स्वतःच्या मनात होतं का? हो, नाही, सांगता येत नाही.

या प्रश्नाला बऱ्याच मुली अडायच्या. कुणी हसून मैत्रिणीकडे बघायची, कुणी ओढणीचं टोक पिळायची. मुत्तुलक्ष्मी नावाची तिरुवन्नामलईकडची एकोणीस वर्षांची मुलगी तर मान खाली घालून नखंच बघत बसली. मला तिची दया आली. हातात पहिला पगार आलेला, नवीन चपला घेतलेल्या, मग मनात असणारच ना? मी "हो" वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. आपण एक चांगलं काम केलं असं वाटलं.

चाळीस फॉर्म झाले. मी ते इस्त्री केल्यासारखे नीट लावून मॅडमच्या टेबलावर ठेवले. त्या एकेक बघत गेल्या. बराच वेळ.

"एन्नम्मा, काय गं हे, चाळीस मुली. एकीलाही एकही प्रश्न अडला नाही?"

मला वाटलं कौतुक चाललंय. म्हटलं, "नाही मॅडम, सगळे फॉर्म पूर्ण आहेत."

त्यांनी मधलाच एक काढला. मुत्तुलक्ष्मीचा. "बारावा प्रश्न. ती काय म्हणाली? तिच्या शब्दांत सांग."

मी आठवायला लागले. आठवण्यासारखं काही नव्हतं. "ती काही बोलली नाही, मॅडम."

"मग ही खूण?"

"माझी. ती अवघडली होती. मी समजून घेतलं."

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तू समजून घेतलंस. मग तिचं गप्प बसणं कुठे लिहिलंस?"

अशा आणखी किती खुणा आहेत, त्यांनी विचारलं. मला सांगताच येईना, कारण कुठली खूण मुलीची आणि कुठली माझी हे मलाच वेगळं काढता येत नव्हतं. त्यांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. यावर मी सही करणार नाही, म्हणाल्या. जमा करायला तीन आठवडे उरले होते. प्रबंध नाही तर पदवी नाही, आणि पदवी पुढच्या वर्षावर गेली तर बाबांनी डेपोत काय सांगायचं? बसमध्ये मी तोंडावर ओढणी घेऊन रडले. शेजारच्या बाईंनी काही न विचारता खिडकीची जागा दिली.

मला सर्वांत जास्त लागलं ते हे, की मी खोटारडी नव्हते. लोकांचं काम अडू नये एवढंच मला शिकवलं होतं, आणि तेच मी केलं होतं. पण गल्लीतल्या फॉर्मला बाबूची सही हवी असायची. इथे खुद्द मुत्तुलक्ष्मी हवी होती, आणि मी तिला न विचारता उरकून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कोरे फॉर्म घेऊन पुन्हा श्रीपेरुंबुदूरला गेले. मला पाहून मुली हसायला लागल्या. "काय अक्का, नापास झालीस?"

"हो," मी म्हटलं. "तुमची उत्तरं मीच लिहिली होती. मॅडमनी पकडलं."

खोलीभर हशा पिकला. एक म्हणाली, "आमच्या परीक्षेला का नाही आलीस मग? आम्हीही दहावी पास झालो असतो." त्यांनी चटई झटकून मला जागा केली. गेल्या वेळी मला खुर्ची दिली होती.

मुत्तुलक्ष्मीला बारावा प्रश्न विचारला आणि मी पेन खाली ठेवलं. ती पुन्हा नखं बघू लागली. गप्प बसणं इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं; तिचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. बाहेर कुणीतरी बादली घासत होतं. ती घासून झाली.

"मला नव्हतं यायचं," ती म्हणाली. "धाकट्या बहिणीला यायचं होतं. तिचं वय बसलं नाही, म्हणून मला पाठवलं." मग म्हणाली, "पण आता मला परत जायचं नाही. ते कुठे लिहिशील?"

त्याला माझ्या फॉर्मवर रकाना नव्हता. मी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

सगळ्या मुली पुन्हा सापडल्या नाहीत. काहींनी खोल्या बदलल्या होत्या, काहींनी काम सोडलं होतं. जेवढ्या भेटल्या तेवढ्याच घेतल्या, आणि पहिल्या खेपेला काय चूक झाली ते पद्धतीच्या प्रकरणात सरळ लिहून टाकलं. ते पान मॅडमनी दोनदा वाचलं आणि सही केली. गुण बेताचेच पडले. पण पदवी त्याच वर्षी मिळाली, आणि तो प्रबंध बाबांनी डेपोत नेऊन सगळ्यांना दाखवला.

त्या सुट्टीत एका दुपारी आई तूरडाळ निवडत होती. मी शेजारी बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारलं, "आई, लग्न होऊन इथे राजुऱ्याला यायचं तुझ्या मनात होतं का?"

आईचं माहेर सिरोंचाकडचं, नदीकाठचं. ती डाळ निवडत राहिली. मी वाट बघत बसले. सूपभर डाळ होत आली.

"नव्हतं," ती म्हणाली. "मले पंधरा वर्सं आवडलं नाही हे गाव."

"मग कधी आवडलं?"

"एकदा माहेरी गेली होती. तिथल्या विहिरीचं पानी पेली, तं खारट लागलं. लहानपनापासून तेच पानी पेली होती मी. तवा समजलं." मग डाळीतला खडा काढून टाकत म्हणाली, "हे कधी कोनी विचारलंच नाही मले."

आज चेन्नईत मला पुष्कळ वर्षं झाली. माझी मुलं घरात निम्मं तमिळ बोलतात, आणि नोकरीत मी नव्या मुलामुलींना मुलाखती घ्यायला शिकवते. राजुऱ्याहून कुणी फोन केला की हमखास विचारतात, तिकडे करमतं का, आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगून टाकतात, "करमतच असेल म्हणा आता." माझ्यासारखे गाव सोडून आलेलेही एकमेकांशी असंच बोलतात. मला राजुऱ्याचं पाणी अजून गोड लागतं, आणि इथलंही आता खारट लागत नाही. दोन्ही खरं आहे. घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, पण विचारणाऱ्याने जरा बसायला हवं.