पैऱ्याचा रोबो

माझं आणि माझ्या नवऱ्याचं फोनवरचं बोलणं लग्नानंतर वर्षभरातच संपलं होतं. भांडण नव्हतं, बोलायला काही उरलंच नव्हतं. "जेवलीस का?" "जेवले. तुमी?" "आत्ताच. थंडी लय हाय." "स्वेटर घाला." "घातलाय." मग दोघंही गप्प, आणि मग "बरं, ठेवू?" तो फौजेत नायक. मी कराडला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानात कामाला. त्याच्या दिवसात सांगण्यासारखं जे घडायचं ते सांगायची त्याला मुभा नव्हती. माझ्या दिवसात सांगण्यासारखं काही घडतच नव्हतं. पान पालथं घाला, बटण दाबा, पान उचला.

म्हणून गेल्या रजेत त्यानं माझ्या फोनवर रोबोंच्या मारामारीचा गेम टाकून दिला. मी म्हटलं, "ह्यो कसला पोरखेळ आणि!"

"खेळून तर बघ," तो म्हणाला. "कुणी कुणाला कसा हाणला, एवढं तरी बोलायला मिळंल."

आणि खरंच मिळालं. स्वेटरचा विषय सुटला. "आज तुझा किती टिकला?" "तुमी त्या निळ्याला कसं पाडलं?" असं पाऊण पाऊण तास चालायचं. लग्न जमवताना आम्ही दोन वाक्यं बोललो होतो, त्यापेक्षा हे बरंच बरं होतं.

गेम सोपा आहे. आपण दोन रोबो घेऊन मैदानात उतरायचं. एक आपला स्वतःचा, दुसरा ओळखीतल्या कुणाचा तरी मागून आणलेला. समोर कॉम्प्युटरचा एकच, पण आडदांड. आपला रोबो आपण बोटानं पळवायचा. मागून आणलेला आपला आपण गोळ्या मारतो. त्याला पुढं उभं करायचं की मागं, एवढंच आपण आधी ठरवायचं. तो दिवसाला तीनच डावांसाठी मागता येतो. नवऱ्यानं हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे पैराच की! माझं माहेर सांगलीकडं. आमच्याकडं एकच बैल होता, शेजारच्या काकांकडंही एकच. दोन दिवस जोडी आमच्या रानात, दोन दिवस त्यांच्या. पैशाचा संबंध नाही, दिवसाला दिवस फेडायचा. माझा रोबो अगदीच किरकोळ होता, हडकुळ्या कोंबड्यासारखा. नवऱ्याचा त्याच्या दुप्पट ताकदीचा. असा आमचा पैरा सुरू झाला.

सगळ्यात शेवटी जो रोबो येतो त्याचं नाव इंग्रजीत काहीतरी लांबलचक आहे. मी त्याला मुकादम म्हणायची. तांबूस रंग, हातात हा एवढा हातोडा, आणि आम्हा दोघांची ताकद एक केली तरी त्याची जास्त. नवऱ्यालाही तो जड जायचा.

मग एका दुपारी नवऱ्याचा फोन आला. "उद्या वर चाललोय. चाळीसेक दिवस फोन न्हाई." वर म्हणजे कुठं, हे विचारायचं नसतं. "मी खाली यायच्या आत मुकादमाला पाड बघू," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकाच पानाच्या प्रती काढत राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, "ओ ताई, दोनच पाहिजे होत्या."

दुसऱ्या दिवशी मी खोली झाडली नाही. माणूस लांब गेलं की त्या दिवशी घर झाडत नाहीत, तशी आमच्यात पद्धत आहे. तो काही माझ्या खोलीतून गेला नव्हता, हजारो किलोमीटरवरून आणखी वर गेला होता. कळत होतं मला. तरी केरसुणीला हात लावला नाही.

गेममध्ये प्रत्येकाच्या रोबोखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मालक शेवटचा कधी येऊन गेला. नवऱ्याच्या रोबोखाली आधी 'आज' असायचं. आता 'एक दिवसापूर्वी', 'दोन दिवसांपूर्वी' असं वाढत चाललं. मालक तीस दिवस आला नाही की रोबो करडा पडतो आणि मागता येत नाही. फोन चाळीस दिवस नाही आणि रोबो तीस दिवसांचा. मुकादमाला पाडायचं तर तेवढ्यातच. खरं सांगायचं तर मला मुकादमाचं काही पडलेलं नव्हतं. तो रोबो करडा पडलेला मला बघायचा नव्हता.

दुपारी दीड ते अडीच दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घ्यायचे. डबा उघडायचे, गेम उघडायचे. तीन डाव, तीन पराभव, मग भाकरी. रोज हेच. मी हरायचे तेही कसं, मुकादम दोन ढांगांत यायचा, माझ्या कोंबड्यावर एक हातोडा घालायचा, की खेळ खलास. माझा रोबो मोडला की डाव संपतो. आणि नवऱ्याचा रोबो? तो मी पार मागच्या भिंतीला नेऊन उभा केलेला असायचा. इतका मागं की त्याच्या गोळ्या मुकादमापर्यंत पोचायच्याच नाहीत.

या गेमवर लोकांनी ढीगभर व्हिडिओ टाकलेत. सगळे एकच सांगतात: समोरचा भारी असेल तर मागून आणलेला दणकट रोबो पुढं घाला, त्याला मार खाऊ द्या, तेवढ्यात आपण मागून हाणा. मोडला तर मोडला, दुसऱ्याचा आहे, पुढच्या डावाला परत धड होऊन येतो.

दुसऱ्याचा आहे म्हणून मोडला तर मोडला! आमच्या घरी असं बोललं असतं तर वडिलांनी पायताण काढलं असतं. पैऱ्याच्या बैलाला आधी पाणी, मग आपल्या. नांगराला जड बाजू आपल्या बैलाची, हलकी पाहुण्याची. लंगडा बैल परत नेऊन बांधायचा म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही. ही शिकवण अंगात इतकी मुरलेली की फोनमधल्या चित्रालाही मी ती लावत बसले.

पण हे मी स्वतःला सांगायचे ते कारण. एकदा, सोळाव्या की सतराव्या दिवशी, हरून हरून संताप आला. म्हटलं, घालतेच पुढं. बोटानं त्याचा रोबो ओढत ओढत पुढच्या जागेवर आणला. वर त्याचं नाव लिहिलेलं. समोर मुकादम. नुसतं 'सुरू' एवढंच दाबायचं होतं. मला ते दाबता येईना. शेवटी त्याला परत भिंतीला नेलं आणि गुमान हरले. पैरा बिरा काही नाही. मला भीती वाटत होती, आणि ती सांगायला कराडात माणूस नव्हतं. कॉलेजच्या पोरांना काय सांगणार, घरमालकिणीला काय सांगणार, की बाई, मी खेळातसुद्धा नवऱ्याला पुढं पाठवू शकत नाही?

चोविसाव्या दिवशी रविवार होता. रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव, तिथं सासूबाई म्हशीपायी एकट्या राहतात. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. माझे सासरेही फौजेतच होते, त्यामुळं आत्यांचं निम्मं आयुष्य पोस्टमनच्या वाटेकडं बघण्यात गेलेलं. लेकाचा फोन आला का, असं त्या मला कधी विचारत नाहीत. आला असता तर मी सांगितलंच असतं, हे त्यांना ठाऊक असतं. मी परड्यात बसून गेम खेळत होते. त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो बारका कोण?"

"मी."

"आन त्यो भिंतीला टेकलाय त्यो?"

"तुमचा ल्योक."

आत्यांनी चष्मा नीट केला. तेवढ्यात मुकादमानं मला चेचलं. दुसरा डावही त्यांनी पुरता बघितला. मग म्हणाल्या, "ह्ये सरळ जाऊन मरतीस कशाला? माजल्याल्या बैलाम्होरं कोण उभं ऱ्हातं व्हय? आमचा एक खोंड हुता, मारका. सुटला की तुझं सासरं बाभळीकडं पळायचं. खोडाभवती गरागरा फिरायचं. त्यो बी फिरायचा मागनं. त्याला वाटायचं, आत्ता गावला, आत्ता गावला. दमला की थोरला दीर मागनं दावं टाकायचा."

"दर वेळी फसायचा?"

"दर वेळी. बैलाला ताकद आस्ती, गं. काल काय झालं, त्ये ध्यानात न्हाई ऱ्हात."

आणि जाता जाता म्हणाल्या, "आन त्याला इतकं मागं नगं ठिवू. दावं पोचाय पायजे."

त्या म्हशीला वैरण टाकायला गेल्या. मी तिसरा डाव सवयीनं हरले. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मैदानात मधोमध एक खांब आहे. तीन आठवडे मी त्याच्या बाजूनं जात होते आणि तो मला दिसला नव्हता. सोमवारी पहिल्यांदा मी माझा कोंबडा थेट खांबाकडं पळवला. मुकादम मागं लागला. मी फेरी घेतली, त्यानं घेतली. हातोडा खांबावर आदळला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातोडा आपटला की परत उचलायला त्याला दोन आकडे लागतात. एक, दोन. त्या दोन आकड्यांत तो नुसता ओंडका. आणि तो नेहमी जवळच्याच्याच मागं लागतो, लांबून कोण गोळ्या मारतंय याची त्याला दखलच नाही. म्हणजे मी जवळ राहिले तर मागच्याला धोका नाही. फक्त मला मोडून चालणार नव्हतं.

त्या दिवशी हरले, मंगळवारीही हरले. फेरी घेताना बोट घसरायचं. पण हरण्याला आता वेगळी चव होती. बुधवारी, सत्ताविसाव्या दिवशी, शेवटच्या डावाला मी नवऱ्याचा रोबो भिंतीपासून तीन घरं पुढं आणला. तीनच. गोळी पोचेल एवढाच. हे करताना दोनदा बोट मागं घेतलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

मग मी पळाले. खांब, फेरी, हातोडा, एक, दोन, पुन्हा फेरी. मागून त्याच्या गोळ्या बसत होत्या, टिच टिच करत मुकादमाची ताकद उतरत होती. माझी भाकरी गार झाली. मुकादम शेवटच्या फेरीला माझ्या अगदी पाठीशी होता, हातोडा वर गेला, आणि तो तसाच आडवा झाला. पडद्यावर फुलबाज्या उडाल्या. माझा कोंबडा एका पायावर उभा होता. नवऱ्याच्या रोबोवर ओरखडा नव्हता.

मी ओरडले. शटरबाहेरून कुणीतरी "काय झालं?" म्हणून वाकून बघितलं. "काय नाही," म्हटलं. सत्तावीस दिवस हरताना जेवढं एकटं वाटलं नव्हतं, तेवढं त्या एका मिनिटात वाटलं. जिंकल्याचं ज्याला सांगायचं त्याला फोन लागत नव्हता. मी मशीनवर डोकं टेकून रडले. मशीन गरम होतं.

त्यानंतर मी गेम खेळले नाही, नुसता उघडून बघायचे. एकतिसाव्या दिवशी त्याचा रोबो करडा पडला. चाळिसावा दिवस गेला. एक्केचाळिसावा गेला. आत्यांचा फोन आला, म्हशीचं बोलल्या, ठेवला. त्रेचाळिसाव्या दिवशी दुकानात गर्दी असताना फोन वाजला.

"ए, पाडलंस की गं मुकादमाला!" त्यानं मला फोन करायच्या आधी गेम उघडला होता. एरवी त्यानं असं केलं असतं तर मी रागावले असते. "थांब, हिथं लिवलंय. मी वर गेल्यापासनं माझा रोबो तू एक्याऐंशी डाव नेलास. ऐंशी हारलीस." मग त्यानं खालची ओळ वाचली. "आन माझा मोडला शून्य वेळा? एकदाबी न्हाई? अगं, पुढं घालायचा की त्याला. दुसऱ्या दिवशीच जिकली असतीस."

"पैऱ्याचा बैल हाय," मी म्हटलं. "लंगडा करून परत कसा देऊ?"

तो म्हणाला, "बरं. आता फेडून घेतो. तुझा दे."

त्या दिवसापासून तो माझा रोबो न्यायला लागला, आणि त्याला पैऱ्याची काडीची चाड नाही. माझा कोंबडा खुशाल पुढं घालतो आणि चेचून घेतो. मोडला की मला निरोप येतो: 'तुमचा रोबो लढाईत मोडला.' सकाळी एक, दुपारी दोन. मी फोनवर भांडायचे, "शरम न्हाई का तुमाला?" तो खो खो हसायचा. पण निरोप वाजला की गिऱ्हाईकासमोर माझं तोंड हसरं व्हायचं. म्हणजे तो आत्ता, या घटकेला, कुठंतरी बसलाय. हातमोजे काढलेत, चहा घेतलाय, आणि माझ्या कोंबड्याला मार खायला पाठवतोय. एवढं धडधडीत पत्र सासऱ्यांनीही आत्यांना लिहिलं नसेल.

आता तो परत वर गेला आहे. या वेळी किती दिवस ते त्यालाही सांगता आलं नाही. गेल्या आठवड्यात आत्या म्हणाल्या, "खेळ बघ की तुझा." म्हटलं, "बघते रोज."

आज सतरावा दिवस. शटर अर्ध्यावर ओढलं, डबा उघडला, गेम उघडला. निरोप नाही. माझा रोबो दोन्ही पायांवर धडधाकट उभा आहे. मला तो मोडलेला बघायचा आहे.