मावशीला खांदा

तो हॉल आठवला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. देते की! पण आधी सांगून मोकळी होते.

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. माझ्या नर्सिंगच्या नोकरीवर आम्ही नगरहून नॉटिंगहॅमला आलो. आमचे हे तिकडे शाळेत मास्तर, चर्चमध्ये कॉर्नेट वाजवणारे. इथे वेअरहाउसमध्ये खोकी उचलायला लागले. माणूस पार मिटून गेला होता. शेजारी एक इंग्रज म्हातारं जोडपं राहायचं. त्यातल्या म्हातारीला मी मावशी म्हणायची, आणि तिलाही ते आवडायचं. तिचा नवरा प्रॉटेस्टंट पुरुषांच्या एका जुन्या मंडळाचा प्रमुख होता. लॉज म्हणायचे त्याला. गळ्यात रंगीत पट्टा घालायचा, उन्हाळ्यात बँड लावून मिरवायचं, एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणायचं.

एके काळी म्हणे या लॉजमध्ये शिरायला बापजाद्यांची ओळख लागायची. आता पोरं फिरकत नव्हती आणि म्हातारे एकेक करून वर चालले होते. मग काय, आमचे हेही चालले त्यांना! पणजोबांपासून आम्ही प्रॉटेस्टंट, हे ऐकून तर त्यांना आनंदच झाला. रंगाचं कुणी काही बोललं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, रंगही दिसत नसावा. पण खरं सांगते, त्या पट्ट्यानं ह्यांची मान पुन्हा ताठ झाली, म्हणून मी गप्प राहिले.

लॉजची एक रीत होती. ब्रदर गेला की चर्चच्या गेटपासून आतपर्यंत त्याची शवपेटी ब्रदरांनीच खांद्यावरून न्यायची. अंत्यविधीचं काम पाहणाऱ्या अंडरटेकरच्या माणसांनी तेवढा वेळ बाजूला व्हायचं. बाकीच्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे दर वेळी आमच्या ह्यांना बोलावणं यायचंच. मावशीचा नवरा गेला तेव्हाही ह्यांनी खांदा दिला. मावशी मागून चालत होती आणि तिला त्या मानाचा फार अभिमान वाटला.

आणि बायका? बायका किचनमध्ये! मावशीनं लॉजच्या त्या हॉलच्या किचनमध्ये जन्म काढला. सँडविचेस कापायची, चहाचा तो मोठा बंब भरायचा, कोणाला साखर चालत नाही ते तिला तोंडपाठ. माझी शिफ्ट नसली की मीही मदतीला जायची. सभासद मात्र फक्त पुरुष. आमचे हे कालचे आलेले, ते ‘ब्रदर’ झाले. मावशी शेवटपर्यंत कुणाची तरी मिसेस.

मग मावशी आजारी पडून माझ्याच हॉस्पिटलात आली, आणि आता ती घरी येणार नाही हे आम्हा दोघींनाही कळलं होतं. ड्युटी संपवून मी तिच्यापाशी बसले होते. ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याला नेलं तसंच मलाही गेटपासून त्यांनीच न्यावं. विचारशील त्यांना?” उभ्या जन्मात बाईनं त्या लोकांकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी विचारलं. मीटिंगच्या दिवशी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं. नवा प्रमुख बोलायला साखरेचा. म्हणाला, “माय डिअर, तिच्याबद्दल आम्हाला फार आदर आहे. पण ही रीत मेंबरांसाठी आहे.”

“मग करा तिला मेंबर.”

हसले. हसले हो! जणू मी जोक केला होता. प्रमुख म्हणाला, “नियम आम्ही केलेले नाहीत.” मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पट्ट्याची झालर कुरवाळत बसले होते.

घरी आल्यावर मी विचारलं, “तुमच्या जिभेला काय झालं होतं?”

“अगं, माझं तिथे काय चालतंय? त्यांनी मला घेतलं हेच...”

“घेतलं म्हणजे उपकार केले? ओझी वाहायला घेतलंय तुम्हाला! वेअरहाउसमध्ये खोकी, तिथे म्हातारे!”

लागलं त्यांना. लागू दे म्हटलं.

मावशीला मी काही सांगायच्या आधीच तिनं माझा चेहरा ओळखला. “नाही म्हणाले ना?” आणि वर मलाच समजावते, “भांडू नकोस हं.” त्याच आठवड्यात ती गेली.

फ्युनरलला ब्रदर गेटपाशी पट्टे घालून दोन रांगांत उभे. म्हणे, मान देतोय! हात मात्र लावणार नाहीत. अंडरटेकरची माणसं पुढे झाली तशी मी म्हटलं, “थांबा. मावशीला आम्ही नेणार.” किचनमधल्या बायकांशी मी आधीच बोलून ठेवलं होतं. एकीचा खुबा बदललेला, एकीचे हात काडीसारखे, पण आल्या. अंडरटेकर शहाणा माणूस. त्यानं काही न विचारता आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं. तरी माझ्या पलीकडे एक खांदा कमी पडत होता.

तेव्हा हे रांगेतून बाहेर आले. गळ्यातला पट्टा काढला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि पेटीखाली खांदा लावला. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. राग अजून कुठे गेला होता माझा? पण मावशी न डगमगता आत गेली.

दफन झाल्यावर सगळे सवयीनं हॉलवर आले. ब्रदर टेबलांभोवती बसले, पट्टे सारखे केले आणि वाट बघू लागले. आम्ही बायकाही बसलो, त्यांच्याच टेबलांवर. किचनमध्ये अंधार. कुणी खाकरलं, कुणी घड्याळ पाहिलं. आमचे हे उठायला लागले तर मी कोट धरून त्यांना खाली बसवलं.

शेवटी प्रमुख माझ्यापाशी आला. वाकून हळूच म्हणाला, “माय डिअर, चहाचं काय?”

मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, “चहा करणारीला आत्ताच पुरून आलो. तुम्ही होता की तिथे, रांगेत उभे!”