बैलगाडीमागची भेग

मी कापडाचे बैल शिवते. नवऱ्याचं सास्तूरात शिलाईचं दुकान आहे. तिथले उरलेले तुकडे घरी येतात आणि त्यांचे मी बैल, घोडे, उंट करते. सुरुवात मुलीसाठी केली होती. मग शेजारणी मागायला लागल्या, आणि एक दिवस मुलीनंच फोनवर खेळणी करणाऱ्यांचा एक ग्रुप काढून दिला. "आई, इथं फोटो टाक. सगळे टाकतात."

मी एक पांढरा बैल टाकला. पुष्कळांनी पसंतीचे अंगठे टाकले. एकीनं मात्र लिहिलं, "बैल झकास. पण पाय लुळे पडतात ना? चाकांवर बसवा."

मला राग आला, कारण खरंच पाय लुळे पडत होते. पंधरा दिवसांनी तिनं पोस्टानं चार चाकं पाठवली. शिवणीच्या झाडाच्या लाकडाची, हलकी, हाताला जराही न टोचणारी. बैल फरशीवर ढकलला तर आवाज न करता थेट चुलीपर्यंत गेला.

ती साताऱ्याच्या पलीकडं डोंगरातल्या एका वाडीत राहायची. वडील सुतार, त्यांच्याकडून शिकलेली. नवरा बाहेरगावी कामाला, घरात सासू-सासरे आणि पोरं. सासरी गोठ्याच्या कोपऱ्यात तिनं छोटं लेथ बसवलं होतं आणि त्यावर चाकं, भिंगऱ्या, पक्षी करायची. वर्षभरात आम्ही दोघींनी मिळून एक बैलगाडी केली. गाडी तिची, बैल माझे. ती मला बैलवाली म्हणायची, मी तिला चाकवाली.

दुपारी जेवणं उरकली की मी मशीनला फोन टेकवून ठेवायची. पलीकडं तिची पटाशी चालायची. तिच्या सासूची साखर, माझ्या मुलीची दहावी, कुठला रंग पाण्यात सुटतो, असलं काहीबाही बोलायचो. मी "मालूम न्हाय" म्हटलं की ती हसायची, म्हणायची, "तुझं मराठी अजून निजामाच्या राज्यातलं हाय." मला सख्खी बहीण नाही. चाळिशीत अशी कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर तिनं नव्या बैलगाडीचा फोटो पाठवला. पायरीवर ठेवून काढलेला. बैलाच्या कानाची शिवण नीट दिसते का, म्हणून मी फोटो मोठा केला. शिवण नीट होती. मागं घराच्या जोत्यात एक रेघ होती. खालून तिरकी निघालेली, गाडीमागून जाऊन वरच्या कोपऱ्यात बाहेर पडलेली.

मी विचारलं. ती म्हणाली, "जुनं घर हाय गं. दगडांच्या दरजा सुटल्यात."

संक्रांतीच्या फोटोत त्या रेघेत कुणीतरी चिंधी कोंबली होती. लाल, बारीक फुलाफुलांची. मी ओळखली. बैल पाठवताना मीच ती गुंडाळून दिली होती. म्हणजे आता तिथं चिंधी मावत होती.

शिमग्याच्या आसपास तिनं दुपारी व्हिडिओ कॉल लावला. केसांत भुसा होता. हसत म्हणाली, "आज खेळणी न्हाईत, आज खरी सुतारकी. पुढचं दार घासाय लागलंय चौकटीला. रंधा मारला, आता बघ कसं लोण्यासारखं लागतंय." आणि तिनं मला दार लावून दाखवलं. उघडून पुन्हा लावून दाखवलं.

माझा मशीनवरचा पाय थांबला.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकूड आणि लाकडावर माती. मी तिसरीत होते. त्या आधी वर्षभर जमीन अधूनमधून गुरगुरायची. मोठी माणसं म्हणायची, होतं असं. भिंतीत एक चीर गेली, ती आईनं शेणामातीनं लिंपली. मग आमचं दार घासायला लागलं. बाबांनी सुताराकडून रंधा मागून आणला आणि दाराची कड तासली. मी खाली बसून लाकडाच्या वळ्या गोळा करत होते. आई म्हणाली, "आता कसं झ्याक लागतंय." त्यानंतर आठवडाभरात ते घर नव्हतं. आई नव्हती, दोन वर्षांचा भाऊ नव्हता. हे त्र्याण्णव सालच्या भूकंपातलं. आता गाव नव्या जागी आहे, रस्ते रुंद आहेत, घरं एकमेकांपासून लांब आहेत.

हे सगळं मी तिला तेव्हा सांगितलं नाही. नुसतं विचारत सुटले. दार कुठल्या बाजूला घासतं? विजेचा खांब सरळ आहे का? घराच्या वर काय आहे? ती आधी उत्तरं देत होती. खांब कललाय, पण तो आधीपासून कललाय. वर गवताचा उतार आहे, त्याच्या वर कडा. मग तिचा आवाज बदलला.

"तू असं पोलिसासारखं का विचारतीस?"

तेव्हा मी आईचं सांगितलं. तिनं केसांतला भुसा झटकला. मग म्हणाली, "वाईट वाटलं गं. पर भूकंपानं आमच्या वाडीत कधी काय पडलं न्हाई."

"भूकंपाचं न्हाय म्हणत मी. डोंगराचं म्हणते."

"माझ्या घराकडं अशा नजरेनं बघू नको," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचा महिनाभर नुसतं कामाचं बोलणं. गाडी पोचली. बैल मिळाले. दुपारचे फोन बंद झाले. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "लोकाला त्येंच्या घरात बसून, घर पडणार म्हणून सांगायचं? कुणाला आवडंल?" त्याचं चुकत नव्हतं. मलाही वाटायचं, आपल्या डोक्यातलं तिच्या भिंतीवर दिसतंय. पण शिवायला बसले की ती चिंधी डोळ्यापुढं यायची.

मे महिन्यात मी तिला विचारलं, "येऊ का?" तिचा एका शब्दाचा निरोप आला. ये.

उमरग्याहून सोलापूर, सोलापूरहून सातारा, तिथून दुसरी एसटी आणि मग जीप. ती फाट्यावर उभी होती. फोनवर वाटायची त्यापेक्षा खूपच लहानखुरी. तिनं मला घट्ट धरलं आणि दोघी रडलो. भांडणाचा विषय कुणीच काढला नाही.

वाडीत सतरा घरं. डोंगराच्या खांद्यावर ओळीनं बसलेली. समोर खोल दरी, पलीकडं मोठं गाव. इतकी सुंदर जागा मी पाहिली नव्हती आणि पाऊल ठेवल्यापासून मला तिथून निघावंसं वाटत होतं. पोहे खाऊन झाल्यावर मी तिच्या सासऱ्यांना म्हटलं, "आबा, मला वरचा उतार दाखवता का?"

आबा सत्तरीचे, काटक. काठी घेऊन पुढं निघाले. गवत वाळलेलं होतं. गोठ्याच्या वर शे-दीडशे पावलांवर ती भेग सापडली. कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी, वाडीच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. मी बसले आणि हात घातला. कोपरापर्यंत गेला. वर ऊन भाजत होतं आणि आत गार हवा होती.

"उन्हाळ्यात जमीन फाटतीच की," आबा म्हणाले.

"आबा, आमची काळी जमीन. उन्हाळ्यात अशी फाटते की त्यात पाय जातो. पण त्या भेगा जाळ्यासारख्या असतात, चहूकडं पसरलेल्या. ही एकटीच हाय. आणि बघा, खालची कड वरच्या कडेपेक्षा चार बोटं खाली उतरलीय."

त्यांनी वाकून पाहिलं. काठीनं कड टोकरली. मग म्हणाले, "पोरी, तुझं गाव पडलं म्हणून सगळीच गावं पडत्यात व्हय?"

मी हाताची माती झटकली. चाकवाली आमच्यामागं वर आली होती, ती खाली गेली आणि लेथवर काढलेल्या चार खुंट्या घेऊन आली. भेगेच्या दोन्ही अंगाला आम्ही त्या ठोकल्या, सुतळी ताणून अंतर मोजलं. ती म्हणाली, "दर सोमवारी मोजून कळवते. उगं घाबरायचं न्हाई आणि उगं हसायचं बी न्हाई."

मी गावी परतले. सोमवारी तिचा निरोप यायचा. "आहे तेवढंच." पुढच्या सोमवारी, "आहे तेवढंच." पाऊस सुरू झाल्यावर, "अर्धं बोट." मग, "दोन बोटं." तिनं वाडीत सगळ्यांना नेऊन खुंट्या दाखवल्या. अर्ज दिला. तालुक्याहून माणसं आली, फोटो काढले, सावध राहा म्हणाली. सावध राहायचं म्हणजे काय करायचं, हे तिनं मला विचारलं. मला तरी कुठं ठाऊक होतं? आमच्या दुपारच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या होत्या, पण त्यात आता खेळणी फार नसायची.

जुलैत तिकडं आठ दिवस पाऊस उघडला नाही. आमच्याकडं नुसती भुरभुर होती, सोयाबीन कोळपायला आलं होतं. सोमवारी तिचा निरोप आला, "वरची एक खुंटी सापडत न्हाई."

मी लगेच फोन लावला. पलीकडं पावसाचा एवढा आवाज की ती ओरडून बोलत होती.

"झरा तांबडा झालाय. सकाळी निवळ पाणी आणलं, आता नुसता चिखल येतोय."

"आत्ताच्या आत्ता निघ. पोरांना घे, सासूबाईंना घे, निघ."

"आबा न्हाई म्हणत्यात. जनावरं सोडून जाणार न्हाई म्हणत्यात."

"त्यांना फोन दे."

आबांनी फोन घेतला. जे मी नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. "आबा, माझ्या बाबांनी रंधा मारून दार नीट केलं होतं. त्यामुळं ते घट्ट बसलं. आईनं आतून कडी घातलेली. बाबा बाहेर अंगणात होते म्हणून वाचले. नंतर अठरा वर्षं जगले. नव्या घरात ते होते तोवर त्यांनी दार कधी लावू दिलं न्हाय. थंडीत न्हाय, पावसात न्हाय. तुम्हाला तसं जगायचंय का?"

पाऊस वाजत राहिला. मग आबा म्हणाले, "जनावरं कुटं बांधायची तेवढं सांग."

पलीकडच्या गावच्या शाळेत छपराचा ओटा होता, तिथं जनावरं बांधायचं ठरलं. तासाभरात ती निघाली. तिच्यामागं एकेक करत आणखी दहा घरं निघाली. सहा राहिली. मग फोन लागेना.

दोन दिवस मी मशीनला हात लावला नाही. नवरा दुकानातून चार-चारदा घरी यायचा, माझ्याकडं बघायचा, परत जायचा. टीव्हीवर सगळीकडचे पूर दाखवत होते, तिच्या वाडीचं नाव कुणी घेत नव्हतं. घेऊ नये असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. ती होती.

"डोंगर आला," ती म्हणाली. "सगळा न्हाई आला. डावीकडचाच आला. गोठा गेला, लेथ गेलं. शेजारची दोन घरं गेली. ती आधीच मोकळी केलेली."

"आणि माणसं?"

ती रडायला लागली. शेजारच्या घरातली एकटी राहणारी म्हातारी तिच्याबरोबर शाळेत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा कमी झाला तेव्हा कोंबड्या सोडायला म्हणून वर गेली. कुणाला सांगून गेली नाही, आणि दरड आली तेव्हा ती तिथंच होती. "माझ्या हाताला धरून उतरली होती गं ती. मी हात सोडला, म्हणून गेली."

तिचं रडणं थांबेपर्यंत मी फोन ठेवला नाही.

राहिलेल्या सहा घरांतली माणसं त्या दिवशी उतरली. महिनाभर सगळे शाळेत, मग पत्र्याच्या शेडमध्ये. मध्ये एकदा ती म्हणाली, "तुझा राग येतो मला. तुझ्यामुळं वाचलो, आणि तुझाच राग येतो. का ते सांगता येत न्हाई." मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला ढिगाऱ्यातून काढणाऱ्या माणसांशी बाबा पुढं कधी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर ती माणसं वाडीत परत गेली. नवी जागा कागदावर आहे, रस्ता व्हायचाय, पाणी व्हायचंय. शेडमध्ये थंडीनं सासूबाईंचा दमा वाढला. आणि घर तर उभं आहे. पंधरा घरं उभी आहेत. गुरांना वैरण तिथंच आहे. आबांनी जोत्यात सिमेंट भरून घेतलं. वरच्या उताराला, जुन्या भेगेच्याही वर, आता नवी भेग आहे. ती सांगत नव्हती, मी विचारलं तेव्हा सांगितलं.

लेथ नाही, म्हणून ती पटाशीनं पक्षी कोरते. चाकं मी दुसरीकडून आणते. ती चालतात, पण वाजतात.

परवा मी आमची मागची खोली रिकामी केली, चुना दिला, दोन बाजा टाकल्या. तिला म्हटलं, "पावसाचे चार महिने सगळे इकडं या. आबांची जनावरं चुलतदिराच्या वावरात बांधू. पोरांच्या शाळेचं मी बघते."

तिनं आबांना विचारलं. मागून त्यांचा आवाज मला ऐकू आला, "भूकंपाच्या गावाला जायचं व्हय?" आणि ते हसले. ती हसली नाही. मला म्हणाली, "बघू. अजून येळ हाय."

चैत्र संपत आला आहे.